लाल गोळी: एकाला रोज, एकाला महिन्याने

प्रश्न: माझ्या सासूबाईंना टीबी निघाला. तीन आठवड्यांपासून रोज सकाळी चार गोळ्या चालू आहेत. दुसऱ्याच दिवसापासून लघवी शेंदरी होते, पांढऱ्या पदरालाही घामाचा तांबूस डाग पडतो. मध्यंतरी माहेरी गेले होते. तिथे माझ्या काकांच्या हातावर बधिर चट्टा निघाला म्हणून त्यांना कुष्ठरोगाचे पाकीट मिळाले आहे. त्यातल्या लाल कॅप्सूलचे नाव वाचले तर तेच: रिफॅम्पिसिन. दोन रोगांना एकच औषध कसे? शिवाय सासूबाईंना ते रोज, आणि काकांना महिन्यातून फक्त एक दिवस. कुणाची तरी चूक होते आहे का? हे बोलता बोलता सासूबाईंच्या कानावर गेले. आता त्या म्हणतात, मला रक्तपितीच झाली आहे, तुम्ही लपवता. कारंजा हे गुरुमहाराजांचे जन्मगाव. गुरुचरित्रात कुष्ठ बरे झाल्याची कथा आहे, तेव्हा गोळ्या राहू द्या, मी पारायणाला बसते, असे त्यांनी ठरवले आहे. त्यांना काय सांगू?

एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम

उत्तर: आधी सासूबाईंची शंका मिटवू. रासायनिक माहिती उद्या वाचली तरी चालेल, पण शंका आलेला माणूस गोळ्या उशीखाली सरकवायला लागतो. त्यांना टीबीच आहे. औषधाच्या नावावरून रोग ओळखायचा नसतो. ज्या विळीवर कांदा चिरतो तिच्यावरच खोबरेही खवतो, म्हणून कांद्याचे खोबरे होत नाही. आणि चूक कुणाचीच नाही. सासूबाईंची रोजची गोळी बरोबर आहे, काकांची महिन्याची कॅप्सूलही बरोबर आहे. का, ते पुढे सांगतो, कारण तुमच्या पत्रातला तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

रंगाचे आधी उरकतो. तांबडा रंग गोळीवर चढवलेला नाही, तो औषधाचाच आहे. रिफॅम्पिसिनची भुकटीच विटकरी असते. पोटातून रक्तात गेल्यावर ते अंगभर पसरते आणि शरीरातले पाणी ज्या ज्या वाटेने बाहेर पडते त्या वाटेने रंग घेऊन निघते. लघवी, घाम, थुंकी, इतकेच काय डोळ्यांतले पाणीसुद्धा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या लेन्स कायमच्या पिवळसर होऊ शकतात, म्हणून तेवढे दिवस चष्मा बरा. गोळी घेतल्यावर काही तास लघवी गडद असते, संध्याकाळपर्यंत फिकी पडते. म्हणजे तो रंग रक्ताचाही नाही आणि काविळीचाही नाही. रुग्णाने आजचा डोस घेतला की नाही, याची ती फुकटची पावतीच म्हणा. काकांना मात्र वेगळा अनुभव येईल. त्यांच्या पाकिटात क्लोफाझिमिन नावाचे आणखी एक औषध आहे, तेही मुळात एक रंगद्रव्यच. त्याने हळूहळू कातडी रापल्यासारखी, तांबूस काळी पडते. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत होते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर रंग बघून लोक विचारतील आणि काका गोळ्या सोडतील.

हे औषध मातीतून आले आहे. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेंट राफाएल गावाजवळच्या पाइनच्या बनातली माती इटलीतल्या मिलान शहरी लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. पिएरो सेन्सी आणि मारिया तेरेसा टिम्बल यांच्या गटाला त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवात जंतूंना मारणारे द्रव्य सापडले. त्या दिवसांत ‘रिफिफी’ नावाचा फ्रेंच चोरीपट गाजत होता. प्रयोगशाळेतल्यांनी गमतीने तेच टोपणनाव नव्या द्रव्याला दिले आणि ते चिकटले. रिफॅम्पिसिनमधला ‘रिफ’ तो हा. सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून तुम्हाला मिळणाऱ्या पट्टीवर एका सिनेमाचे नाव छापलेले आहे, हे मला अजूनही मजेशीर वाटते. मूळचे द्रव्य तोंडाने घेऊन भागत नव्हते. त्यात फेरफार करत करत १९६५च्या सुमारास पोटात घेता येणारे रिफॅम्पिसिन तयार झाले, आणि १९६८ साली ते इटलीत बाजारात आले.

ते जंतूला मारते कसे? तलाठ्याचे दप्तर डोळ्यांसमोर आणा. मूळ नोंदवही कपाटात असते, ती कुणी बाहेर नेत नाही. काम चालते ते उताऱ्यांवर. उतारा निघाला तर पीककर्ज मिळते, फेरफार होतो, खरेदीखत होते. जंतूचेही तसेच आहे. त्याची मूळ वही म्हणजे डीएनए. तिच्यावरून उतारे काढणारा एक कारकून, म्हणजे एक विकर, प्रत्येक जंतूत बसलेला असतो. रिफॅम्पिसिन नेमके त्या कारकुनाच्या हाताला जाऊन चिकटते. तो लिहायला सुरुवात करतो आणि दोन-तीन अक्षरांपुढे त्याचा हात सरकतच नाही. वही शाबूत आहे, कारकून जागेवर आहे, पण उतारा निघत नाही. उतारे नाहीत म्हणजे प्रथिने नाहीत, आणि प्रथिने नाहीत म्हणजे जंतू मेला. आपल्या पेशींतल्या कारकुनाच्या हाताची ठेवण वेगळी आहे, म्हणून औषध आपल्याला तसे अडवत नाही.

आता दोन रोगांना एक औषध का, हे सोपे होते. टीबीचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू हे एकाच कुळातले, चुलत भाऊ म्हणा. दोघांच्याही अंगावर मेणचट, जाड आवरण असते, ज्यातून बहुतेक औषधे आत शिरत नाहीत. दोघांच्याही कारकुनाचा हात जवळपास सारखाच. कुष्ठाचा जंतू नॉर्वेत हॅन्सनने १८७३ साली पाहिला, टीबीचा जर्मनीत कॉखने १८८२ साली. पण भावाभावांचे स्वभाव टोकाचे वेगळे आहेत.

टीबीचा जंतू साधारण एका दिवसात एकाचे दोन होतो. इतर जंतूंच्या मानाने हेही संथच, काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. पण कुष्ठाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. कागदावर हिशोब मांडून बघा. अठ्ठावीस दिवसांत टीबीच्या एका जंतूचे सव्वीस कोटींवर जंतू होतील, आणि कुष्ठाच्या एका जंतूचे होतील चार. शरीरात इतके सरळ काही घडत नाही, पण दोघांच्या चालीतला फरक यावरून कळावा. म्हणूनच टीबी महिन्यांत खोकायला लावतो आणि कुष्ठाचा चट्टा लागण झाल्यावर सरासरी पाच वर्षांनी उमटतो, कधी वीस वर्षांनीही.

या संथ भावाने शास्त्रज्ञांना फार छळले. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजही वाढत नाही. १९६० साली अमेरिकेत शेपर्ड यांनी तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला तेव्हा कुठे औषधांची परीक्षा घेता येऊ लागली. त्याला थंड जागा आवडते. म्हणून माणसातही तो कानाच्या पाळ्या, नाक, हातपाय अशा ठिकाणी मुक्काम करतो. उंदरांवर आणि मग रुग्णांवर पाहिल्यावर लक्षात आले की रिफॅम्पिसिनचा ६०० मिलिग्रॅमचा एकच डोस काही दिवसांत हजारातले ९९९हून जास्त जिवंत जंतू संपवतो. जे मूठभर उरतात त्यांना डोके वर काढायला महिने लागतील. तोवर पुढच्या महिन्याचा डोस येतोच. रोज देऊन त्या उरलेल्यांवर फारसा जास्त परिणाम होत नाही, असेही दिसले. शिवाय तेव्हा हे औषध महाग होते, आणि महिन्यातून एकदाच असेल तर ते कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर देता येते. या सगळ्याचा विचार करून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली: रिफॅम्पिसिन महिन्याला एकदा, आणि डॅप्सोन, क्लोफाझिमिन घरी रोज.

काकांचे पाकीट हातात घेऊन बघा. अठ्ठावीस दिवसांची पट्टी असते. काकांना तिन्ही औषधे आहेत, तेव्हा पहिल्या दिवसाच्या कप्प्यात रिफॅम्पिसिनच्या ३०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, क्लोफाझिमिनच्या तीन आणि डॅप्सोनची एक गोळी. बाकी दिवसांना छोटे कप्पे. पहिल्या दिवसाचा डोस सिस्टरसमोर घ्यायचा, तो त्याचसाठी. सासूबाईंच्या चार गोळ्यांतही प्रत्येकी १५० प्रमाणे ६०० मिलिग्रॅमच रिफॅम्पिसिन भरते. चार म्हणजे त्यांचे वजन ५० ते ६४ किलोंमध्ये असणार. मात्रा तीच. फक्त सासूबाई सहा महिन्यांत ती १६८ वेळा घेतील आणि काका वर्षभरात १२ वेळा. वजनात सांगायचे तर सासूबाईंच्या पोटात शंभर ग्रॅम जाईल, काकांच्या सव्वासात. चट्टे मोजके असतील तर काकांचे सहा डोसांतही भागते. किती महिने, ते डॉक्टर तपासून ठरवतात.

मग टीबीलाही महिन्याने का नाही? कारण एका महिन्याची सवड दिली तर तो भाऊ सव्वीस कोटींचा धडा गिरवायला बसेल. मधली एक तडजोड मात्र आहे. रिफॅम्पिसिनचा सख्खा भाऊ रिफापेंटिन हा रक्तात जास्त वेळ टिकतो. टीबीच्या रुग्णाच्या घरातल्यांना रोग होऊ नये म्हणून आयसोनियाझिडच्या जोडीने तो आठवड्यातून एकदा, असा बारा आठवडे देतात. कदाचित तुमच्याही वाट्याला येईल. म्हणजे तुमच्या नात्यागोत्यात एकाच घराण्याची औषधे रोज, आठवड्याने आणि महिन्याने अशी तीन घड्याळांवर चालतील. घाबरू नका, तिन्ही घड्याळे बरोबर आहेत.

आता रिफॅम्पिसिन एकटेच का देत नाहीत ते. टीबीच्या साधारण दहा कोटी जंतूंत एखादा असा निघतो की त्याच्या कारकुनाच्या हाताची ठेवण जन्मतःच जरा वेगळी असते आणि रिफॅम्पिसिन त्याला चिकटतच नाही. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात दहा कोटी म्हणजे काहीच नाही. एकटे रिफॅम्पिसिन दिले तर बाकीचे मरतील आणि हा एकटा रान मोकळे झालेले बघून वाढेल. बरोबर आयसोनियाझिड असले तर ते त्याला गाठते, कारण दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू सापडणे जवळपास अशक्य. म्हणूनच सासूबाईंच्या एका गोळीत चार औषधे एकत्र ठासलेली आहेत: आवडीनिवडीने एक घ्यायचे आणि एक टाकायचे अशी सोयच ठेवलेली नाही. त्यांच्या बेडक्याची मशीनवर तपासणी झाली असेल, सीबीनाट किंवा गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट. ते यंत्र जंतू आहे की नाही एवढेच सांगत नाही, कारकुनाच्या हाताचा घाट बदललेला आहे का हेही तासा-दोन तासांत सांगते.

याच कारणाने एक गोष्ट तुमच्या माहेरच्यांना आवर्जून सांगा. कुष्ठरुग्णाच्या सहवासातल्या माणसांना आता रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस देतात. बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत त्याने नव्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याहून जास्त घटले. पण तो देण्याआधी टीबीची लक्षणे विचारतात, आणि संशय असला तर थांबतात. लपलेल्या टीबीवर रिफॅम्पिसिनचा एकच वार म्हणजे त्या दहा कोटींतल्या एकाला मोकळे रान. तेव्हा खोकला असेल तर आशाताईंपासून लपवू नका. आणि एखाद्याला दोन्ही रोग एकदम असले, तर टीबीचा रोजचा डोस चालू असेपर्यंत कुष्ठाचा महिन्याचा डोस वेगळा लागत नाही, रोजच्यात तो आलाच.

तुमच्या सासूबाईंच्या पिढीला ‘रक्तपिती’ हा शब्द का हादरवतो, तेही समजून घ्यायला हवे. आपल्या वऱ्हाडाच्या आसपासच बघा. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा सुरू केली, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले, १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापली, तिचे आनंदवन झाले. ही माणसे थोरच. पण वेगळ्या वसाहती उभाराव्या लागल्या, कारण घर आणि गाव रुग्णाला ठेवून घेत नव्हते आणि हातात पक्के औषध नव्हते. चालमोगऱ्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शने होती. मग डॅप्सोन आले, पण ते एकटेच वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावे लागे, आणि जंतू त्यालाही दाद देईनासे झाले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात वर्धा होता. त्यानंतर चित्रच पालटले. पहिल्या डोसनंतर काही दिवसांतच रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. काकांचे ताट-वाटी वेगळी काढली असेल, तर ती पुन्हा मांडणीत ठेवा. माझ्या मते रिफॅम्पिसिनने मारलेल्या जंतूंहून मोठे काम हे आहे की त्याने रुग्णाला घराबाहेर काढण्याचे कारणच काढून घेतले. ते कारण मनातून अजून गेलेले नाही, हा भाग वेगळा.

राहिले पारायण. सासूबाई सांगतात ती कथा गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातली. नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण गाणगापुरास येतो. गुरुमहाराज नृसिंह सरस्वती त्याला औदुंबराचे वाळके लाकूड संगमावर रोवून त्याला पाणी घालत राहायला सांगतात. येणारे-जाणारे हसतात, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? तो ऐकत नाही, पाणी घालत राहतो, आणि लाकडाला पालवी फुटते. जुन्या ग्रंथांत ‘कुष्ठ’ हा शब्द कातडीच्या अनेक विकारांना लावत, अगदी अंगावरच्या कोडालाही, ज्याचा या जंतूशी काही संबंध नाही. तेव्हा नरहरीचा रोग कोणता होता, या वादात मी पडत नाही. पण सासूबाईंना एवढे विचारा: सांगितलेले रोज, न चुकता, लोक हसले तरी करत राहिला तो नरहरी, की मधेच सोडून गेला तो? पारायण त्यांनी जरूर करावे. सप्ताहाचे नियम आमच्याहून त्यांना चांगले ठाऊक आहेत: ठरलेली वेळ, खंड नाही, मधे आसन सोडायचे नाही. त्याच शिस्तीत सकाळच्या चार गोळ्या बसवा. या गोळ्या रिकाम्या पोटी जास्त चांगल्या लागू पडतात, जेवणाने रिफॅम्पिसिन कमी शोषले जाते. स्नान, गोळ्या, मग पोथी आणि नंतर न्याहारी, इतके सोपे आहे. फार मळमळ झाली तर मात्र मनाने वेळ बदलू नका, दवाखान्यात विचारा.

दोन सावधगिऱ्या. रिफॅम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की शरीर इतर औषधांचा निचरा भराभर करू लागते. मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी, फिटची, एचआयव्हीची औषधे यांचा जोर त्याने कमी होतो. घरातल्या तरुण बाईला टीबीचे औषध चालू असेल तर माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही. सासूबाईंना बीपीची किंवा साखरेची गोळी असेल तर तिची पट्टी दवाखान्यात नेऊन दाखवा, तोंडी नाव सांगून काम होत नाही.

दुसरी सावधगिरी त्या यकृताचीच. लघवीच्या रंगाला भिऊ नका म्हटले, पण त्यामुळेच कावीळ झाली तर ती लघवीवरून कळणार नाही. म्हणून रोज सकाळी उजेडात त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत जा. तो पिवळा दिसला, जेवण नकोसे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.